केक प्रीमिक्स विकताना आणि आयात करताना: परवाना, लेबल आणि बंदरावरची तपासणी

केक, ब्राउनी, पॅनकेक किंवा ब्रेड यांचे पाकीटबंद प्रीमिक्स, म्हणजे आधीच मिसळलेले कोरडे मिश्रण, बाजारात आणू पाहणाऱ्याने परवान्याचा अर्ज, पाकिटांची छपाई आणि पॅकिंग यंत्राची चौकशी या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून प्रथम घटकांचा तक्ता लिहावा, असे माझे ठाम मत आहे. कोणता घटक, किती टक्के, कोणाकडून घेतलेला आणि त्या घटकाच्या पोटात आणखी काय काय आहे, एवढे त्या तक्त्यात असावे. परवान्यासाठी निवडायचा उत्पादनगट, लेबलवरची घटकांची यादी, शाकाहाराची खूण, ॲलर्जीची सूचना, पोषणमूल्यांचा तक्ता आणि आयातीच्या वेळी होणारी तपासणी हे सगळे पुढे याच एका कागदावरून ठरत जाते. तो कागद अर्धवट असताना छापलेली पाकिटे रद्दीत जातात आणि परदेशातून मागवलेला माल बंदरावर डेमरेज, म्हणजे उशिरा उचलल्याचे भाडे, चढवत पडून राहतो.

या व्यवसायाला लागू होणारा मूळ कायदा म्हणजे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६. त्याखाली परवाना व नोंदणीचे विनियम २०११ मध्ये, आयातीचे २०१७ मध्ये, जाहिराती व दाव्यांचे २०१८ मध्ये आणि लेबलिंगचे २०२० मध्ये आले. अन्नपदार्थांची मानके आणि ॲडिटिव्हची (रंग, फुगवणारी द्रव्ये अशा मिसळायच्या द्रव्यांची) परवानगी २०११ च्या आणखी एका विनियमांत आहे व त्यात वरचेवर दुरुस्त्या होत असतात. पाकिटावरील वजन आणि किंमत यांचा संबंध मात्र वेगळ्या खात्याशी, म्हणजे वैधमापन खात्याशी येतो आणि त्यासाठी आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम पाहावे लागतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात स्थानिक परवाने व तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. केंद्रीय परवाने आणि आयातीची बाजू भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजेच एफएसएसएआय, स्वतः सांभाळते.

घटकांचा तक्ता

उदाहरण म्हणून अंड्याविना होणाऱ्या चॉकलेट केकचे ५०० ग्रॅमचे प्रीमिक्स घेऊ. त्यात मैदा ४५ टक्के, साखर ३८ टक्के, कोको पावडर ८ टक्के, दूध पावडर ५ टक्के, बेकिंग पावडर अडीच टक्के, इमल्सिफायर (तेल व पाणी एकजीव करणारे द्रव्य) १ टक्का आणि मीठ अर्धा टक्का आहे असे धरू. एवढ्यावर तक्ता पुरा झाला असे बहुतेकांना वाटते, पण खरी माहिती याच्या खालच्या थरात असते. बेकिंग पावडर हा स्वतःच मिश्र घटक आहे: तिच्यात खाण्याचा सोडा, एखादा आम्लधर्मी फॉस्फेट क्षार आणि ओलावा धरून ठेवणारा स्टार्च असतो. मिश्र घटक ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याचे उपघटक लेबलवर लिहिण्यातून सूट मिळते. पण ज्या ॲडिटिव्हचे काम तयार पदार्थात चालू राहते त्यांना ती सूट नाही. त्यामुळे आपल्या पाकिटावर बेकिंग पावडरमधील स्टार्च लिहिला नाही तरी चालू शकते, सोडा आणि फॉस्फेट मात्र त्यांच्या आयएनएस क्रमांकांसह (ॲडिटिव्हच्या आंतरराष्ट्रीय यादीतील क्रमांकांसह) लिहावेच लागतात. तो स्टार्च गव्हाचा असेल तर ॲलर्जीच्या दृष्टीने तोही सांगावा लागतो.

यानंतर उत्पादनगट शोधावा. केक, ब्राउनी आणि पॅनकेक यांची मिश्रणे ०७.२.३ या गटात येतात, तर ब्रेड आणि साध्या बेकरी पदार्थांची मिश्रणे ०७.१.६ मध्ये. हा क्रमांक नुसता अर्ज भरण्यापुरता नसतो. कोणते ॲडिटिव्ह किती प्रमाणात वापरता येतील, हे मानकांच्या विनियमांतील परिशिष्ट ‘अ’मध्ये गटवार दिलेले आहे आणि तक्त्यातील प्रत्येक ॲडिटिव्ह त्या गटासमोर सापडते का, हे एकेक करून पाहावे लागते. फॉस्फेटची मर्यादा फॉस्फरसच्या स्वरूपात दिलेली असते, म्हणून पुरवठादाराकडून त्या क्षारातील फॉस्फरसचे प्रमाण लेखी मागून हिशेब करावा. ज्या पदार्थासाठी स्वतंत्र मानक ठरलेले नाही तो प्रोप्रायटरी अन्न म्हणून गणला जातो. अशा वेळी घटक परवानगी असलेलेच वापरायचे असतात आणि पदार्थ कोणत्या गटात मोडतो हे लेबलवर लिहायचे असते.

काही गोष्टी तक्त्यात दिसताच थांबावे. पोटॅशियम ब्रोमेटवर भारतात २०१६ पासून बंदी आहे, तरी ब्रेडच्या जुन्या पाककृतींत आणि काही देशांतील पिठांत ते अजूनही आढळते. सायक्लामेट हे कृत्रिम गोडव्याचे द्रव्य अन्नात वापरता येत नाही. प्रीमिक्समध्ये शॉर्टनिंग (बेकरीत वापरायचा घट्ट मेद) किंवा वनस्पती तूप असेल तर १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेली मर्यादा लक्षात ठेवावी: पदार्थातील एकूण तेल-तुपाच्या तुलनेत औद्योगिक ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. रंगांच्या बाबतीत २०११ च्या विनियमांत आठ कृत्रिम रंगांची यादी आहे: पाँसो ४आर, कारमोइसिन, एरिथ्रोसिन, टारट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कारमाइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. अमेरिकी ‘रेड व्हेल्व्हेट’ मिश्रणांत सर्रास दिसणारा रेड ४० या आठांत नाही. म्हणून असे मिश्रण मागवण्यापूर्वी परिशिष्टात त्या उत्पादनगटासमोर त्याचे नाव सापडल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

परवाना की नोंदणी

अर्ज एफएसएसएआयच्या फोसकॉस या पोर्टलवर करायचा असतो आणि तिन्ही प्रकार तेथेच मिळतात: छोट्या व्यावसायिकासाठी नोंदणी, त्यावरच्यासाठी राज्य परवाना आणि मोठ्या किंवा विशिष्ट व्यवसायांसाठी केंद्रीय परवाना. २०११ च्या विनियमांत नोंदणीची मर्यादा वार्षिक १२ लाख रुपये उलाढाल अशी ठरवली होती. उलाढालीच्या आणि उत्पादनक्षमतेच्या या मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरची मर्यादाच प्रमाण मानावी. आयातदाराला मात्र उलाढाल कितीही छोटी असली तरी केंद्रीय परवानाच लागतो. घरच्या स्वयंपाकघरात प्रीमिक्स भरून ओळखीपाळखीत विकणाऱ्या व्यक्तीलाही निदान नोंदणी घ्यावी लागते. ‘घरगुती’ या शब्दाने कायद्यातून सुटका होत नाही.

अर्जात व्यवसायाचा प्रकार निवडताना सर्वाधिक गफलत होते, म्हणून तेथे थोडे रेंगाळणे योग्य ठरेल. स्वतः मैदा, साखर, कोको एकत्र करणारा हा उत्पादक. दुसऱ्याच्या कारखान्यात तयार करवून स्वतःच्या नावाने विकणारा हा ब्रँडचा मालक किंवा विपणक. त्याला स्वतःचा परवाना लागतो आणि लेबलवर त्याच्या परवाना क्रमांकाबरोबर प्रत्यक्ष उत्पादकाचाही परवाना क्रमांक द्यावा लागतो. बेकरीच्या घाऊक बाजारातून प्रीमिक्सची २५ किलोची गोणी आणून ती अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरणारा हा रीपॅकर. पुण्या-मुंबईत केकचे वर्ग घेणाऱ्या अनेक जणी विद्यार्थिनींना अशीच छोटी पाकिटे करून देतात आणि आपण फक्त सामान वाटून देत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. कायद्याच्या नजरेत ते पुनर्वेष्टन आहे: त्यासाठी रीपॅकरची नोंदणी किंवा परवाना हवा, प्रत्येक पाकिटावर पूर्ण लेबल हवे आणि मूळ गोणीवरची मुदत नव्या पाकिटाला वाढवून देता येत नाही. गोणी किरकोळ विक्रीसाठी नसल्याचे तिच्यावर छापलेले असते ते याच कारणाने.

मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो. त्यातील पहिला अंक १ असेल तर तो परवाना आणि २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे व त्यापुढचे दोन वर्षाचे. केंद्रीय परवान्यात राज्याच्या जागी ०० असते. कच्चा माल घेताना पुरवठादाराचा क्रमांक पोर्टलवर घालून तो चालू आहे का आणि त्याखाली तोच उत्पादनगट नोंदलेला आहे का, हे पाहून घेण्याची सवय लावावी. हाच क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो.

जागेच्या बाबतीत परिशिष्ट ४ मधील स्वच्छतेच्या अटी पाळाव्या लागतात. कोरड्या मिश्रणाच्या व्यवसायात त्यातील पाण्यापेक्षा धूळ, किडे आणि दमट हवा यांचा त्रास अधिक होतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघड्या खोलीत भरलेल्या पाकिटातील सोडा आणि आम्लक्षार ओलावा मिळताच आपसात अभिक्रिया करू लागतात आणि दोन महिन्यांनी तो केक फुगत नाही. बेकिंग पावडरने तिच्या वजनाच्या किमान १० टक्के कार्बन डायऑक्साइड वायू दिला पाहिजे असे मानक आहे. ती ताकद पाकिटातही टिकावी यासाठी भरण्याच्या खोलीतील दमटपणा मोजून नोंदवावा आणि आतली पिशवी ओलावा रोखणारी, अन्नासाठी योग्य प्रतीची घ्यावी. मुदत किती महिन्यांची छापायची हे इतर कंपन्यांच्या पाकिटावरून न ठरवता, आपल्याच पिशवीतील नमुने ठेवून दर महिन्याला केक भाजून आणि प्रयोगशाळेतून तपासून ठरवावे.

लेबल

पाकिटावरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठीत मजकूर जरूर द्यावा, मराठी ग्राहकाला कृती मराठीत वाचायला मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तो जादा मजकूर म्हणून धरला जातो आणि इंग्रजी किंवा हिंदी मजकुराची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही मजकुरांत विसंगती असता कामा नये.

आपल्या उदाहरणातील पाकीट आता हातात घेऊन पाहू. समोरच्या बाजूला पदार्थाचे नाव, निव्वळ वजन आणि शाकाहाराची खूण येते. नाव असे हवे की आत काय आहे ते कळावे. ‘चॉको मॅजिक’ हे ब्रँडचे नाव झाले. त्याबरोबर ‘चॉकलेट केक मिक्स’ असे सरळ नाव लागते. हिरव्या चौकटीतील भरीव हिरव्या वर्तुळाचा आकार समोरच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो: १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत ३ मिलिमीटर, ५०० पर्यंत ४, २५०० पर्यंत ६ आणि त्यापुढे ८ मिलिमीटर इतका वर्तुळाचा किमान व्यास असावा लागतो. मिश्रणात अंड्याची पावडर असेल तर कायद्याने ते मांसाहारी ठरते व तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण लावावा लागतो.

मागच्या बाजूला घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात: मैदा, साखर, कोको पावडर, दूध पावडर, मग फुगवणारी द्रव्ये आणि त्यांच्यापुढे आयएनएस ५०० व आयएनएस ४५०, इमल्सिफायर आणि आयएनएस ४७१, शेवटी मीठ. ॲडिटिव्हचे नुसते क्रमांक देऊन चालत नाही, त्यांचे कार्यही लिहावे लागते. कृत्रिम व्हॅनिला सुगंध घातला असल्यास तसे स्वतंत्रपणे सांगावे लागते. यादीनंतर ॲलर्जीची सूचना येते: आपल्या पाकिटात गहू व दूध आहेच आणि इमल्सिफायर सोया लेसिथिनचा असेल तर सोयाही. त्याच यंत्रावर शेंगदाणा किंवा काजूची पावडर भरली जात असेल तर ती शक्यताही छापावी. एखाद्या घरातील शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी पाकिटावरील ही एक ओळ बाकी सगळ्या मजकुरापेक्षा महत्त्वाची असते, म्हणून ती अक्षरांच्या गर्दीत दडवू नये.

पोषणमूल्ये दर १०० ग्रॅममागे द्यायची असतात; ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण मेद, संपृक्त मेद, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम हे त्यातील मुख्य घटक. त्याबरोबर एका वाढणीमुळे दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग भरतो तेही सांगावे लागते व त्यासाठी २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम मेद, २२ ग्रॅम संपृक्त मेद, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हा आधार धरतात. आपल्या मिश्रणात १०० ग्रॅममागे ३८ ग्रॅम साखर आहे. वाढणी ५० ग्रॅमची धरली तर एका वाढणीत १९ ग्रॅम साखर येते आणि ती दिवसाच्या आधारमात्रेच्या ३८ टक्के होते. आकडा कमी दिसावा म्हणून वाढणी २० ग्रॅमची दाखवण्याचा मोह होतो. पण ५०० ग्रॅमच्या पाकिटातून होणाऱ्या केकचे कोणी २५ तुकडे करत नाही. घरात केकचे जितके तुकडे होतात तितक्याच वाढण्या छापाव्यात.

नाचणी, ज्वारी आणि ओट्सच्या प्रीमिक्सना सध्या मोठी मागणी आहे आणि तेथेच लेबलचा प्रामाणिकपणा सर्वाधिक कसाला लागतो. आपल्याच उदाहरणात मैद्यातला १८ टक्के भाग काढून त्या जागी नाचणीचे पीठ घातले तर मैदा २७ टक्के उरतो, साखर ३८ टक्क्यांवर राहते आणि उतरत्या क्रमात साखरेचे नाव सर्वांत पुढे जाते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘नाचणी केक मिक्स’ लिहिले किंवा नाचणीच्या कणसाचे चित्र छापले, की नाचणीचे टक्केवारीतील प्रमाण जाहीर करणे विनियमांनुसार आवश्यक ठरते. ‘नाचणी १८ टक्के’ हे छापायला मन धजत नसेल तर नाचणीचे प्रमाण वाढवावे किंवा नाव बदलावे. ‘ग्लुटेनमुक्त’ हा दावा किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसेल तरच करता येतो. ज्या चक्कीवर गहू दळला जातो तेथील ज्वारीच्या पिठावर तो करणे सिलिॲक (ग्लुटेन न सोसणाऱ्या) रुग्णासाठी घातक आहे. ‘साखर घातलेली नाही’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ या शब्दांनाही २०१८ च्या विनियमांत अटी आहेत. फसव्या जाहिरातीसाठी अधिनियमाच्या कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत, तर चुकीच्या लेबलसाठी कलम ५२ खाली ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

उरलेल्या गोष्टी चटकन सांगता येतील. लॉट क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख छापावी. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख ऐच्छिक आहे आणि मुदतीच्या तारखेच्या बदली चालत नाही. एफएसएसएआयचे बोधचिन्ह व क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, साठवणुकीची सूचना आणि कृती द्यावी. वैधमापनाच्या नियमांसाठी सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क आणि एककाची किंमत लागते: ५०० ग्रॅमचे पाकीट १८० रुपयांना असेल तर एका ग्रॅमला ०.३६ रुपये असे लिहावे. वेष्टन सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत वैधमापन खात्याकडे वेष्टक म्हणून नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. आयातदारालाही हाच नियम आहे.

आयात

परदेशी प्रीमिक्स आणणाऱ्याकडे एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना आणि परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड या दोन गोष्टी माल जहाजावर चढण्यापूर्वी असायला हव्यात. सीमाशुल्काच्या वर्गवारीत बेकरी पदार्थांची मिश्रणे १९०१ २० या शीर्षकाखाली येतात. शुल्क आणि जीएसटीचे दर बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काकडे द्यायचे आयातीचे विवरण, भरण्याच्या दिवशीचे धरावेत. मुंबईतील व्यापाऱ्यांचा माल बहुधा न्हावा शेवा बंदरातून किंवा सहारच्या एअर कार्गोमधून येतो आणि क्लिअरिंग एजंट सीमाशुल्काच्या एकखिडकी व्यवस्थेत बिल भरतो, तेथून ती माहिती एफएसएसएआयच्या अन्न आयात प्रणालीकडे जाते. एजंट कितीही अनुभवी असला तरी घटकांची आणि लेबलची जबाबदारी आयातदाराचीच राहते, हे पक्के लक्षात ठेवावे.

ऑर्डर देण्याआधी उत्पादकाकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: टक्केवारीसह घटकयादी, प्रत्येक ॲडिटिव्हचा आयएनएस किंवा ई क्रमांक, इमल्सिफायर व सुगंधद्रव्ये यांचा उगम आणि त्या लॉटचा विश्लेषण अहवाल. उगमाचा मुद्दा भारतासाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे दूध, दुग्धपदार्थ, मध, मधमाशीचे मेण व लाख यांसारखे मोजके अपवाद सोडले तर प्राण्यापासून आलेला कोणताही घटक पदार्थाला मांसाहारी ठरवतो. आयएनएस ४७१ वनस्पती तेलापासूनही बनते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. किड्यांपासून काढलेला कारमाइन हा लाल रंग, म्हणजे आयएनएस १२०, मांसाहारीच असतो. युरोप-अमेरिकेतील पाकिटावर याचा उल्लेख नसतो आणि उत्पादकाच्या लेखी खुलाशाशिवाय हिरवी खूण चिकटवणे म्हणजे ग्राहकाच्या श्रद्धेशी खेळणे होय. मक्याचा स्टार्च किंवा सोया लेसिथिन जनुकीय बदल केलेल्या पिकाचे असेल तर अधिनियमाचे कलम २२ आडवे येते, म्हणून त्याबद्दलही खुलासा मागावा. ज्या घटकाला भारतात मानकच नाही, उदाहरणार्थ एखादा नव्या धाटणीचा साखरेचा पर्याय, त्यासाठी २०१७ च्या स्वतंत्र विनियमांखाली आधी मंजुरी घ्यावी लागते व ती बंदरावर मिळत नाही.

कोणत्या देशातून आणतो यानेही फरक पडतो. दूध, दुग्धपदार्थ आणि दुधाचे घन पदार्थ घटक म्हणून असलेले खाद्यपदार्थ चीनमधून आणण्यास तेथील दुधात मेलामाइन हे घातक रसायन मिसळल्याच्या प्रकरणानंतर २००८ पासून मनाई आहे. दूध पावडर असलेले केक मिक्स तीत सापडते. मिश्रण न आणता नुसती अंड्याची पावडर आणून येथे प्रीमिक्स करायचे असेल, तर १ फेब्रुवारी २०२३ पासून त्या परदेशी कारखान्याची एफएसएसएआयकडे नोंदणी असावी लागते.

माल बंदरात आला तेव्हा त्याच्या एकूण मुदतीपैकी किमान ६० टक्के किंवा मुदत संपण्यापूर्वी ३ महिने, यांतील जे कमी असेल तितके आयुष्य शिल्लक हवे. १२ महिन्यांच्या मुदतीच्या मिश्रणाला ६० टक्के म्हणजे ७ महिन्यांहून अधिक होतात, म्हणून तेथे ३ महिन्यांची अट लागते. ४ महिन्यांच्या मुदतीच्या मिश्रणाला ६० टक्क्यांची, म्हणजे सुमारे ७२ दिवसांची. परदेशात सवलतीत मिळणारा माल बहुधा मुदतीच्या शेवटाकडे झुकलेला असतो आणि समुद्रप्रवासाचे आठवडे त्यातून वजा होतात, हे दर ठरवतानाच हिशेबात घ्यावे.

तपासणीत आधी कागदपत्रे पाहतात, मग अधिकारी माल पाहून लेबल तपासतो व गरजेप्रमाणे नमुना दोन भागांत घेतो. एक भाग अधिसूचित प्रयोगशाळेकडे जातो आणि दुसरा फेरतपासणीसाठी राखून ठेवतात. प्रयोगशाळेने ५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल अनुकूल असल्यास ना-हरकत प्रमाणपत्र मिळते, नसल्यास अनुरूप नसल्याचे प्रमाणपत्र. लेबलमधील काही उणिवा बंदरालगतच्या बंधित (सीमाशुल्काच्या देखरेखीखालील) गोदामात दुरुस्त करता येतात: आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचे बोधचिन्ह व क्रमांक, शाकाहार किंवा मांसाहाराची खूण आणि प्रोप्रायटरी अन्नाचा गट. यासाठी समोरच्या भागाशेजारी न निघणारे एकच स्टिकर लावायचे असते आणि मूळ लेबल झाकायचे नसते. घटकयादी, तारखा किंवा लॉट क्रमांकच नसेल तर मात्र स्टिकरने काम भागत नाही, माल नाकारला जातो. म्हणून पाकिटाच्या चारही बाजूंची छायाचित्रे ऑर्डरपूर्वी मागवून या गोष्टी ताडून पाहाव्यात.

परदेशातील नातेवाइकांनी सामानातून आणलेली मिश्रणे घरी वापरायला हरकत नाही. तीच पाकिटे दिवाळीच्या प्रदर्शनात किंवा व्हॉट्सॲपच्या गटात विकणे ही मात्र परवान्याविना व तपासणीविना केलेली विक्री ठरते, मग ती चारच पाकिटे का असेनात.

विक्री सुरू झाल्यावर

उत्पादकाने दर सहा महिन्यांनी आपल्या मालाची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून अहवाल फोसकॉसवर चढवावा लागतो. परवानाधारक उत्पादक व आयातदार यांना दरवर्षी ३१ मेपर्यंत डी-१ विवरण भरावे लागते, उशिराला दिवसाला १०० रुपये दंड आहे. परवानाधारक उत्पादक, रीपॅकर व आयातदार यांना मुदत संपलेल्या आणि नाकारलेल्या मालाची तिमाही माहितीही द्यावी लागते; ही व्यवस्था डिसेंबर २०२४ च्या आदेशाने आली आणि मुदत संपलेला माल नवे लेबल लावून बाजारात परतू नये यासाठी ती गरजेचीच होती. ऑनलाइन विक्रीत ग्राहकाच्या हाती पाकीट पडताना मुदतीचा ३० टक्के भाग किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत अशी मार्गदर्शक सूचना आहे, त्यामुळे गोदामातून माल काढताना जुना लॉट आधी काढावा.

पुरवठादार बदलला की घटकांचा तक्ता पुन्हा उघडावा. कोकोच्या नव्या पुरवठादाराच्या मालात लेसिथिन असेल, तर पदार्थाची चव तीच राहते पण ॲलर्जीच्या ओळीत सोया वाढतो आणि जुनी छापील पाकिटे त्या दिवसापासून चुकीची ठरतात. कोणत्या लॉटमध्ये कोणाचा मैदा, कोणाचा कोको गेला आणि तो लॉट कोणकोणत्या दुकानांत पोहोचला याची वही रोज भरावी. माल परत मागवण्याची वेळ आली तर प्राधिकरणाला २४ तासांच्या आत कळवावे लागते आणि तेव्हा दुकानांची यादी याच वहीतून काढावी लागते.